"माय शुद्धीवर आली का?" म्हाताऱ्या माणसांच्या गॅसच्या भुलीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी भूलतज्ज्ञ आहे, जळगाव-भुसावळ-चोपडा या पट्ट्यातल्या पाच-सहा दवाखान्यांत फिरून भूल देते. थिएटरचं दार उघडलं की बाकावरचे आठ-दहा नातेवाईक एकदम उभे राहतात, सर्जनला ऑपरेशनचं विचारतात आणि मला एकच, "मॅडम, शुद्धीवर आली ना माय?" मग पुढचे चार दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच प्रश्न येतात, ते इथे एकत्र केलेत. सगळं साठी-सत्तरीच्या पुढच्या पेशंटबद्दल आहे. तुमच्या पेशंटचं वेगळं काही असेल तर त्याला ज्याने भूल दिली त्यालाच विचारा, त्याच्याकडे कागद असतो.

१. गॅसची भूल म्हणजे नेमकं काय? तोंडावर मास्क लावून झोपवता तेच का?

मास्क लावतो तेव्हा त्यात बहुतेक वेळा नुसता ऑक्सिजन असतो. मोठ्या माणसाला झोपवतो ते शिरेतल्या इंजेक्शनने (दुधासारखं पांढरं, प्रोपोफॉल), मिनिटभरात झोप लागते, मग श्वासनलिकेत नळी टाकतो आणि तिथून पुढे ऑपरेशन संपेपर्यंत झोप टिकवायचं काम गॅस करतो. गॅस म्हणतो खरं पण बाटलीत तो पाण्यासारखा पातळ असतो, मशीनवर त्याची वाफ होते. हल्ली सेव्होफ्लुरेन किंवा आयसोफ्लुरेन वापरतो. फुप्फुसातून रक्तात, रक्तातून मेंदूत असा तो जातो, आणि डायल शून्यावर आणला की त्याच वाटेने उलटा बाहेर येतो. सेव्होफ्लुरेनचा जेमतेम २ ते ५ टक्के भाग लिव्हरमध्ये मोडतो, बाकी सगळा श्वासावाटे जातो. म्हणून गॅस उतरवायचं असं वेगळं इंजेक्शन नसतंच. शेवटी आम्ही जे देतो (निओस्टिग्मिन किंवा सुगामाडेक्स) ते स्नायू ढिले करायच्या औषधाचा उतारा असतो, गॅसचा नाही.

२. किती वेळात शुद्ध येते? आमच्या शेजारच्या पोराला दहा मिनिटांत आली, आबांना अर्धा तास लागला, काही चुकलं का?

बहुतेक वेळा काही चुकलेलं नसतं. गॅस बंद केल्यावर पाच ते पंधरा मिनिटांत माणूस नावाने हाक मारली की डोळे उघडतो, म्हाताऱ्यांना थोडं जास्त लागतं, आणि तरतरी यायला तर काही तास.

चाळिशीनंतर दर दहा वर्षांमागे गॅसची गरज साधारण ६ टक्क्यांनी कमी होते, म्हणजे ऐंशीच्या आजोबांना चाळिशीतल्या माणसाच्या मानाने पाव हिस्सा गॅस कमी पुरतो, आणि चाळिशीतल्याइतकाच गॅस दिला तर उठायला वेळ लागणारच. वर आणखी, वयाप्रमाणे अंगात स्नायू कमी आणि चरबी जास्त होते, गॅस चरबीत मुरतो, तीन-चार तासांचं ऑपरेशन झालं तर तिथून हळूहळू सुटत राहतो. त्यात आयुष्यभर बिडी ओढलेली फुप्फुसं असली तर बाहेर टाकायचा भाताच मुळात कमजोर. पण खरं सांगायचं तर अर्धा तास उलटून गेल्यावरही माणूस गुंगीत असेल तर मी गॅसला शेवटी धरते, आधी दुखणं थांबवायची अफूवर्गातली औषधं, अंग गार पडणं, साखर उतरणं, श्वास उथळ होऊन आत कार्बन डायऑक्साइड साठणं, हे सगळं बघते. तोंड वाकडं झालं, एक हात उचलत नाही, असं दिसलं तर वाटच बघायची नाही, तिथल्या तिथे सांगा.

३. कुठला गॅस सगळ्यात चांगला? महागातला द्या म्हणावं का?

गॅस रक्तात किती विरघळतो त्यावर तो किती पटकन उतरतो हे ठरतं. डेसफ्लुरेनचा आकडा ०.४२, सेव्होफ्लुरेनचा ०.६५, आयसोफ्लुरेनचा १.४ च्या आसपास. आकडा जितका लहान तितकं लवकर जाग. म्हणजे कागदावर डेसफ्लुरेन पहिला, पण फरक आहे तो मिनिटांचा, संध्याकाळी चहाच्या वेळेला दोन्ही आजोबा सारखेच दिसतात. शिवाय तो उग्र, श्वासनलिकेला झोंबतो, दमेकऱ्याला मी देत नाही, आणि हवेत गेला की कार्बन डायऑक्साइडच्या अडीच हजार पट ऊब धरून ठेवतो म्हणून युरोपात त्याच्यावर बंधनं आलीत. सेव्होफ्लुरेन गोडसर वासाचा, सोसायला सोपा. तुम्ही गॅसचं नाव विचारत बसू नका, विचारायचंच तर अंग गरम ठेवायची सोय आहे का आणि रिकव्हरीत रात्री कोण असतं हे विचारा.

४. शुद्धीवर आले म्हणता, मग ऑक्सिजन का चालू? काही लपवता का?

नाही हो. गॅसचा उरलासुरला अंश असला तरी मेंदूला ऑक्सिजन कमी झाल्याची वर्दी उशिरा पोचते, आणि म्हाताऱ्या माणसात ती वर्दी आधीच मंद. वर दुखण्याचं इंजेक्शन, पाठीवर झोपून घोरणं. म्हणून काही तास मास्क किंवा नाकातली नळी, आणि बोटाला ती चिमटी. रिकव्हरीतून वॉर्डात सोडताना आम्ही हातपाय हलवणं, श्वास, बीपी, शुद्ध आणि ऑक्सिजन या पाच गोष्टींना प्रत्येकी २ पैकी गुण देतो, १० पैकी ९ झाले की सोडतो. बोटाची चिमटी टोचते म्हणून ती काढून खिशात ठेवणारे काका मला दर महिन्याला एक तरी भेटतात.

५. माय उठल्या उठल्या काहीच्या बाही बोलली, सिस्टर म्हणाली पेशंट कन्फ्यूज्ड आहे. वेडबिड लागलं का?

गॅस उतरताना मेंदूचे सगळे भाग एका वेळी जागे होत नाहीत, पहिला अर्धा-एक तास बरळणं, रडणं, नळी ओढणं होतं आणि आपोआप जातं.

पण आपल्याकडे एक वेगळीच गंमत आहे. साक्रीकडच्या एक आजी, सत्तरीच्या पुढच्या, पित्ताशयाचं ऑपरेशन. जाग आली आणि सारखं चालू, "मना आंडोर कोठे शे? माले घर जावानं शे." नवीन सिस्टर विदर्भातली, तिने केसपेपरवर लिहिलं की पेशंट असंबद्ध बोलते. आजी शंभर टक्के शुद्धीत होत्या, माझा मुलगा कुठे आहे, मला घरी जायचंय, एवढंच विचारत होत्या, फक्त अहिराणीत. झोपेतून उठलेला माणूस आधी आईची भाषा बोलतो, शाळेतली मराठी नंतर येते. अहिराणी असो, लेवा बोली असो, नंदुरबारकडची भिली-पावरी असो, घरचं एक माणूस रिकव्हरीच्या दाराशी थांबवा आणि ही अमुक बोली बोलते हे आधीच सांगून ठेवा. मी आता भुलीच्या फॉर्मवर तसा रकानाच केलाय. "इथे कोण आलंय सांग" हे तिच्या बोलीत विचारा आणि उत्तर बरोबर आलं तर घाबरायचं कारण नाही.

६. दोन दिवस एकदम चांगले होते, तिसऱ्या रात्री सलाईन उपटून उभे राहिले. भूल परत चढली का?

भूल परत चढत नाही. गॅस तर पहिल्याच दिवशी गेलेला असतो. याला डिलिरियम म्हणतात, ऑपरेशननंतर पहिल्या तीन-चार दिवसांत येतो, दिवसा कमी आणि अंधार पडला की जास्त. मांडीचं हाड मोडलेले एक नाना रात्री दोन वाजता "बैल सुटले, बैल सुटले" करत कॉटवरून उतरायला लागले होते, सकाळी विचारलं तर ओशाळे हसले. ज्यांना आधीपासून विसरभोळेपणा आहे, कमी दिसतं, कमी ऐकू येतं, खुब्याचं फ्रॅक्चर आहे, त्यांच्यात हा जास्त.

आरडाओरडा करणारा डिलिरियम सगळ्यांना दिसतो. दुसरा प्रकार गप्प बसणारा असतो, माणूस नुसता पडून राहतो, जेवत नाही, भिंतीकडे बघतो, घरचे म्हणतात काही त्रास देत नाहीत, शांत आहेत. तो जास्त वेळा नजरेतून सुटतो आणि जास्त घातक असतो. ऑपरेशनच्या आधी बडबडे असलेले आजोबा एकदम गप्प झाले तर डॉक्टरला सांगा.

याच्या मागे बहुतेक वेळा कारण सापडतं: लघवी तुंबणं, बद्धकोष्ठता, न्यूमोनिया, सोडियम कमी होणं, साखर खालीवर, दुखणं सहन होत नसणं, झोप न होणं. डॉक्टर ते शोधतील, तुमचं काम मात्र औषधाइतकंच मोठं आहे. चष्मा आणि कानाचं मशीन पहिल्याच दिवशी परत लावा (बरेचदा ते घरी कपाटात "हरवू नये म्हणून" ठेवलेलं असतं!), कवळी द्या, दिवसा खिडकी उघडी, रात्री दिवा मंद, उशाशी घड्याळ, आणि एका वेळी ओळखीचं एकच माणूस. आमच्याकडे भेटायला अख्खी भाऊबंदकी येते आणि प्रत्येक जण विचारतो "मला ओळखलं का?", परीक्षाच ती, नका घेऊ. हात बांधून ठेवल्याने माणूस आणखी बिथरतो. झोपेची गोळी मेडिकलमधून परस्पर आणून देऊ नका, सर्दी-अ‍ॅलर्जीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्याही नाहीत, त्यांनी डिलिरियम वाढतो. याला एक अपवाद आहे, प्रश्न ११ बघा.

७. भुलीने स्मरणशक्ती कायमची जाते म्हणतात, खरं का?

थोडं खरं, बरंचसं भीतीचं. १९९८ मध्ये लॅन्सेटमध्ये साठीपुढच्या १,२१८ पेशंटचा अभ्यास आला होता, मोठ्या ऑपरेशननंतर आठवड्याने सुमारे २६ टक्क्यांना आणि तीन महिन्यांनी सुमारे १० टक्क्यांना लक्षात ठेवणं, हिशोब अशा गोष्टी आधीइतक्या जमत नव्हत्या. म्हणजे बहुतेकांचं सुधारतं. तेही निव्वळ गॅसमुळे म्हणता येत नाही, ऑपरेशनची सूज, दुखणं, झोप, आधीचा आजार सगळं त्यात येतं. गॅसच्या भुलीने अल्झायमर होतो असं सिद्ध झालेलं नाही. पुष्कळदा असं असतं की आजी वर्षभर हळूहळू विसरत होत्या, घरात कोणाच्या ध्यानात आलं नाही, दवाखान्यात आठ दिवस चोवीस तास जवळ बसल्यावर ते दिसलं. महिना-दोन महिन्यांनीही पैसे मोजता येत नसतील, घरची वाट चुकत असतील तर मेंदूच्या डॉक्टरला दाखवा, वय झालं म्हणून सोडून देऊ नका.

८. मग कमरेत सुई मारूनच करा ना, पूर्ण भूल नकोच!

हा तर रोजचा. खुब्याच्या फ्रॅक्चरवर २०२१ मध्ये अमेरिका-कॅनडातला रीगेन नावाचा मोठा अभ्यास आला, निम्म्यांना कमरेची, निम्म्यांना पूर्ण भूल, आणि साठ दिवसांनी चालता येणं म्हणा किंवा डिलिरियम म्हणा, दोन्हींत लक्षणीय फरक दिसला नाही. त्यामुळे पूर्ण भूल म्हणजे वाईट हे डोक्यातून काढा. कमरेची चांगली ठरते अशी कारणं असतात (फुप्फुसं फार खराब), आणि ती देता येत नाही अशीही (रक्त पातळ करायची गोळी चालू, हृदयाची झडप फार अरुंद, पाठीला जखम). ते भूल देणाऱ्याला ठरवू द्या.

९. मे महिन्यात, बाहेर ४५ डिग्री, आणि आबा थरथर कापत होते. ताप आला का?

ताप नाही. गॅस मेंदूतला थर्मोस्टॅट बिघडवतो, कातडीच्या रक्तवाहिन्या सैल होतात, आतली ऊब बाहेर येते, वर थिएटरचा एसी आणि गार सलाईन. म्हाताऱ्या अंगात मुळात मांस कमी म्हणून अंग लवकर गार पडतं आणि परत तापायला वेळ लागतो. कापताना शरीराला ऑक्सिजन कितीतरी जास्त लागतो, हृदयाचा पेशंट असेल तर ते झेपत नाही, म्हणून आम्ही गरम हवेचं पांघरूण घालतो. तुम्ही घरची गोधडी आणा, डोक्याला टोपी-मफलर, पायात मोजे. गरम पाण्याची बाटली किंवा तापवलेली वीट मात्र पायाशी ठेवायची नाही. एका आजींची टाच अशीच भाजली होती, गुंगीत त्यांना कळलंच नाही, ऑपरेशनची जखम आठ दिवसांत भरली आणि टाच दीड महिना चालली.

१०. खायला-प्यायला कधी द्यायचं? आणि आधी उपाशी का?

आधी: जड, तेलकट जेवण ८ तास बंद, हलकं खाणं ६ तास, साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं (तुमच्या डॉक्टरने वेगळं सांगितलं तर ते पाळा). दुधाचा चहा पाण्यात धरत नाहीत, तो खाण्यात. झोपेत पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ नये म्हणून हे. रावेरकडच्या एका आजोबांचं हर्नियाचं ऑपरेशन मी टेबलावरून परत पाठवलं कारण त्यांच्यासोबत आलेले जिभाऊ प्रामाणिकपणे म्हणाले, "काही नाही दिलं मॅडम, फक्त अर्धं केळं." केळ्याच्या गावात केळं हे खाणं धरतच नाहीत.

नंतर: पूर्ण जागे, नीट बोलतात, गिळताना ठसका नाही, मग उशी उंच करून चमच्याने पाणी, ते पचलं की पातळ. पोटाच्या ऑपरेशनचं सर्जन ठरवेल. शेवभाजी घरी गेल्यावर, आणि तीही दोन-चार दिवसांनी.

११. तंबाखू, मिश्री, बिडी, दारू यातलं काय सांगायचं? म्हाताऱ्याची अब्रू जाते चारचौघांत.

सगळं सांगा, चारचौघांत नको, मला बाजूला घेऊन सांगा. बिडीने कफ वाढतो, नळी काढल्यावर खोकला आणि न्यूमोनिया. बायकांची मिश्री तर कोणी सांगतच नाही, "मी काही व्यसन नाही करत" म्हणतात आणि हिरड्या काळ्या. गालात तंबाखूची गोळी तशीच ठेवून टेबलावर आलेले पेशंट मी बघितलेत, ती श्वासनलिकेत गेली तर जिवावर बेततं.

दारू सगळ्यात महत्त्वाची. रोज संध्याकाळी घेणारा माणूस दवाखान्यात एकदम बंद होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात कापतात, घाम, भास, फिटसुद्धा. ते प्रश्न ६ मधल्यासारखंच दिसतं पण उपचार वेगळा. तसंच वर्षानुवर्षं झोपेची गोळी रोज घेणारी आजी: तिची गोळी एकदम तोडली तरी त्रास होतो. इतरांना ती गोळी द्यायची नाही, हिची परस्पर बंद करायची नाही, डॉक्टरला गोळीचं पाकीट दाखवायचं.

१२. बीपी-शुगरच्या गोळ्या ऑपरेशनच्या दिवशी द्यायच्या का?

सरसकट उत्तर नाही, पिशवीच घेऊन या. ढोबळ सांगते: बीटा ब्लॉकर (मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल) सहसा चालू ठेवतो, टेल्मिसार्टनसारख्या पुष्कळदा आदल्या दिवशीपासून थांबवतो कारण गॅसवर बीपी फार पडतं. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळ्या ३ दिवस आधी बंद करायच्या असतात, नाहीतर साखर नॉर्मल दिसत असताना रक्तात आम्ल वाढतं, आणि हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. रक्त पातळ करायच्या गोळीचं हृदयाच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय काही करू नका.

१३. कंपवाताचा पेशंट आहे, काही वेगळं?

हो. लेव्होडोपाची वेळ चुकवू नका, ऑपरेशनच्या सकाळीसुद्धा घोटभर पाण्याबरोबर देतात. आणि उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइडचं इंजेक्शन चालत नाही, अंग आणखी ताठरतं. केसपेपरच्या वर लाल पेनने लिहायला लावा.

१४. घसा दुखतो, आवाज बसलाय.

नळीमुळे. दोन-तीन दिवसांत जातो. आठवड्याच्या पुढे आवाज बसलेलाच राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे.

१५. लघवीच होत नाही म्हणतात.

सहा तास झाले आणि ओटीपोट टम्म असेल तर सिस्टरला बोलवा. पुरुषांत प्रोस्टेट वाढलेला असतो, औषधांनी मूत्राशय सुस्त होतं. उभं राहून करू द्यावं, कॉटवर पॉटमध्ये कित्येकांना लाजेनेच होत नाही. तुंबलेल्या लघवीने माणूस बरळतोसुद्धा.

१६. त्याच दिवशी घरी सोडलं, मोतीबिंदू नाही, पूर्ण भूल होती. काय सांभाळायचं?

पहिले २४ तास एकटं ठेवायचं नाही, गाडी नाही, विहीर-मोटरजवळ नाही, चूल-गॅसशी नाही. रात्री उठताना आधी कॉटवर दोन मिनिटं बसवा मग उभं करा, बीपी पडून माणूस कोसळतो आणि नवं फ्रॅक्चर घेऊन परत येतो. आणि या २४ तासांत कुठल्याही कागदावर सही किंवा अंगठा नाही. हसू नका, दवाखान्यातच वाटणीपत्राचा कागद घेऊन आलेले दोन भाऊ मी बघितलेत. श्वास लागला, ओठ निळसर, हाक मारूनही जागे होत नाहीत, तर १०८.

१७. महिन्यापूर्वीच भूल दिली होती, परत लगेच देता येते का?

येते. गॅस अंगात साठून राहत नाही (प्रश्न १). थांबायचं असेल तर ते हृदय, फुप्फुस, अशक्तपणा यासाठी. मागच्या वेळी काही अडचण आली असेल, विशेषतः घरात कोणाला भुलीत एकदम भडकता ताप येऊन अंग ताठरलं होतं किंवा ऑपरेशन संपल्यावर कितीतरी तास श्वासच येत नव्हता, तर ते मात्र नक्की सांगा. पहिल्या प्रकारात गॅस अजिबात देत नाही, सगळी भूल शिरेतून देतो. काकाच्या पोराच्या बाबतीतलं असलं तरी सांगा.

१८. आबा म्हणतात ऑपरेशन चालू असताना मला सगळं ऐकू येत होतं. खरं असेल?

क्वचित खरं असतं. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या मोठ्या पाहणीत (२०१४) साधारण १९,००० पूर्ण भुलींमागे एकाने अशी तक्रार केली होती. दुखलं, हलता येत नव्हतं, असं सांगत असतील तर थट्टेवारी नेऊ नका, भूल देणाऱ्याला भेटवा. पण बहुतेक आबांना जे आठवतं ते शेवटच्या दहा मिनिटांतलं असतं, गॅस उतरत असतो, डोळे मिटलेले पण कान जागे. एरंडोलचे एक आबा दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "मॅडम, तुमी सर्जनले सांगी राहिंथ्या, यंदा कापूस घरातच ठेवा, भाव वाढी." अगदी शब्दशः तेच बोललो होतो आम्ही, टाके घालताना. पुढच्या वेळी तपासणीला आले तेव्हा त्यांनी जखमेचं काही विचारलं नाही, पहिला प्रश्न हाच, "भाव काय म्हणते मॅडम, इकू का ठेवू?"